कर्मवीर भाऊराव पाटील : श्रमातून स्वावलंबनाकडे

जैन समाजाने महाराष्ट्राला जी नररत्ने दिली, त्यांत कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचे स्थान अग्रभागी आहे. शिक्षणमहर्षी म्हणून ते सर्वज्ञात आहेत; परंतु गरिबाच्या मुलाला स्वतःच्या पायांवर कसे उभे करावे, याचा त्यांनी घालून दिलेला वस्तुपाठ प्रत्येक समाजसंस्थेने अभ्यासावा असा आहे.

बाहुबली क्षेत्राच्या सान्निध्यातील कुंभोज येथे, आजोळी, २२ सप्टेंबर १८८७ रोजी त्यांचा जन्म झाला. पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये दाखल झाले. समाजाने उभारलेल्या या वसतिगृहामुळेच खेड्यातील मुलाला शहरात शिकण्याची सोय झाली. मात्र १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. या कारणावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शालेय शिक्षणही अर्धवट राहिले.

ज्यांच्या अधीक्षकपदाच्या काळात हे घडले, ते अण्णासाहेब लठ्ठे पुढे पुतळ्यास डांबर फासल्याच्या प्रकरणात गोवले गेले. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊरावांचा अतोनात छळ झाला. तरी ते बधले नाहीत. सत्यव्रत केवळ प्रवचनात ऐकण्याची गोष्ट नव्हे, हे त्यांनी आचरणाने दाखवून दिले.

पदवी नसलेल्या या तरुणाने पोटासाठी जे काम मिळेल ते केले. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, गावोगाव हिंडून ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. या भटकंतीत खेड्यांचे दारिद्र्य आणि अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. माल विकता विकता माणसे जोडली गेली. तेच त्यांचे खरे भांडवल ठरले.

१९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. एकाच पंक्तीत सर्व मुले जेवत, स्वयंपाक व साफसफाई स्वतः करीत. मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने, एवढेच नव्हे तर मंगळसूत्रही मोडले. दानाचे याहून मोठे उदाहरण क्वचितच सापडेल.

भाऊरावांच्या कार्याचे मर्म येथेच आहे. मुलाला फुकट दिले तर तो मिंधा होतो आणि काहीच दिले नाही तर मागे राहतो, हे ओळखून त्यांनी मधला मार्ग काढला. मुलांनी शेतात, बांधकामावर श्रम करावेत आणि त्या कमाईतून शिकावे. १९४० साली साताऱ्यात सुरू झालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल याच कमवा व शिका तत्त्वावर उभे राहिले. त्याआधी १९३५ साली त्यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अध्यापक विद्यालय काढले. तेथून तयार झालेले तरुण खेड्यापाड्यांतील शाळांवर शिक्षक म्हणून गेले. अशा रीतीने एकाच योजनेतून तरुणाला नोकरी आणि गावाला शाळा मिळाली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालयही सुरू झाले.

१९५९ साली भारत सरकारने पद्मभूषण किताब देऊन त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांनी देह ठेवला.

पालेगाव, अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या परिसरात कारखाने आणि बाजारपेठा हाकेच्या अंतरावर आहेत, तरीही शिकलेली मुले कामाच्या शोधात वणवण फिरताना दिसतात. केवळ गुणगौरव समारंभ आणि वह्यावाटप यांनी हा प्रश्न सुटणारा नाही. कारखानदाराने मुलाला उमेदवारीवर घ्यावे, व्यापाऱ्याने पेढीवर बसवून हिशेब शिकवावा, त्याच्या श्रमाचा योग्य मोबदला द्यावा. आणि हे करताना दारी आलेल्याची जात विचारू नये. समाजाच्या वसतिगृहाने एकदा ज्याच्यासाठी दार बंद केले, त्याने पुढे सर्वांसाठी दारे उघडली, याचे स्मरण सुवर्णमहोत्सवी वर्षात अवश्य ठेवावे.

कर्मवीरांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!