मिरजेचे डॉ. वॉन्लेस आणि दोन डोळ्यांचा मोतीबिंदू

सांगलीहून मिरजेला जाताना वॉन्लेसवाडी लागते. ते नाव डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे. १८६५ मध्ये कॅनडात जन्मलेले हे सर्जन १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केले. मोतीबिंदू काढून घ्यायला त्यांच्याकडे लांबून रुग्ण येत. तुमच्या साताऱ्याकडच्या पणजोबांपैकीही कुणी गेले असेल.

तेव्हा धुरकट झालेले भिंग काढले की त्या जागी बसवायला काहीच नव्हते. जाड काचेच्या चष्म्याने दिसू लागे, पण सगळे मोठे दिसे. एकच डोळा केलेला आणि दुसऱ्याने बऱ्यापैकी दिसत असेल, तर लहानमोठ्या दोन प्रतिमा मेंदूला जुळवता येत नसत. दुसराही डोळा केला की ही कटकट बहुधा मिटे.

१९२८ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला, १९३३ मध्ये ते वारले. लंडनमध्ये रिडली यांनी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले ते १९४९ मध्ये.

तुम्हाला आज ते भिंग मिळते. दोन्ही डोळे एकाच दिवशी करा किंवा काही दिवसांच्या अंतराने, शेवटी मिळणारी नजर साधारण सारखीच असते. मात्र एकाच दिवशी केल्यास पहिल्या डोळ्याचा नंबर पाहून दुसऱ्याचे भिंग निवडता येत नाही. शिवाय जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर दोन्ही डोळ्यांना होऊ शकतो. म्हणून दुसऱ्या डोळ्यासाठी उपकरणे वेगळी वापरणार ना, हे आधीच विचारा. साताऱ्याहून दोन खेपा वाचतात, हे कारण एकटे पुरेसे नाही. नंतर दुखणे किंवा लाली वाढली, नजर कमी झाली, तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.