जमाखर्चाचा गुरु : लुका पाचोली

बँकांत, कारखान्यांत व लहानमोठ्या संस्थांच्या कचेऱ्यांत हिशेब ज्या दुहेरी नोंदीच्या पद्धतीनें ठेविले जातात, ती पद्धति छापील पुस्तकांत प्रथम विस्तारानें सांगणारा गृहस्थ व्यापारी नव्हता. दारिद्र्याचें व्रत सांगणाऱ्या फ्रान्सिस्कन संघाचा तो एक संन्यासी होता, हें ऐकून आमच्या बालवाचकांस नवल वाटेल. त्यांच्या वडिलांपैकीं जे दुकानदार असतील त्यांस तर अधिकच वाटेल. म्हणून लुका पाचोलीचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

इटलींतील तस्कनी प्रांतांत सान्सेपोल्क्रो नांवाचें लहानसें नगर आहे. तेथें १४४५ च्या सुमारास लुकाचा जन्म झाला. त्याच नगरांत पिएरो देल्ला फ्रान्चेस्का हा थोर चित्रकार राहत असे. तो गणितांतही निष्णात होता. ह्या पिएरोचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

तरुणपणीं लुका व्हेनिसला गेला आणि रोंपियासी नांवाच्या एका व्यापाऱ्याच्या तीन मुलांचा शिक्षक झाला. त्या काळीं पूर्वेकडील मसाले व रेशीम व्हेनिसच्या धक्क्यावर उतरत असे. मुलांना शिकवितां शिकवितां पेढीवरील वह्या कशा लिहितात हेंही लुकानें पाहून घेतलें. १४७० सालीं त्यानें ह्या तीन शिष्यांकरितां अंकगणिताचें एक पुस्तक लिहिलें. पुढें त्यानें संन्यास घेतला व १४७७ पासून पेरुजा येथील विद्यापीठांत गणित शिकविलें.

त्याचा मोठा ग्रंथ ‘सुम्मा’ हा १४९४ सालीं व्हेनिस येथें छापून निघाला. अंकगणित, बीजगणित व भूमिति ह्यांचा हा सुमारें सहाशें पृष्ठांचा संग्रह होय. विद्वानांची भाषा लॅटिन असतांही लुकानें तो लोकांच्या इटालियन भाषेंत लिहिला, हें आम्हांस त्याचें मोठें श्रेय वाटतें. त्यांतील छत्तीस अध्यायांच्या एका भागांत व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची हिशेबपद्धति दिली आहे. ही पद्धति लुकानें शोधून काढली नाहीं, व तसें तो म्हणतही नाहीं. जिनोवा नगरीच्या १३४० च्या सरकारी वह्यांत ती स्पष्ट दिसते. रागूझा येथील कोत्रूल्यी नांवाच्या व्यापाऱ्यानें १४५८ सालींच तिच्याविषयीं लिहिलें होतें. परंतु त्याचें पुस्तक छापलें गेलें तें १५७३ सालीं.

लुकाची शिकवण अशी. आरंभीं आपल्याजवळ काय आहे व आपण काय देणें लागतों ह्याची एकाच दिवशीं यादी करावी. त्यांत रोकड, दागिने, कपडे, फार काय, अंथरुणेंही सोडूं नयेत. मग तीन वह्या ठेवाव्या : जें घडेल तें तत्काळ टिपण्याचा खर्डा, त्यावरून लिहावयाची रोजकीर्द आणि शेवटीं खतावणी. खतावणींत प्रत्येक व्यवहार दोनदां लिहावयाचा, एका खात्याच्या नांवें व दुसऱ्याच्या जमा.

आमच्या वाचकांपैकीं एखाद्यानें सायकलदुरुस्तीचें दुकान नवीनच उघडलें आहे असें समजूं. त्यानें स्वतःचे ५०० रुपये घातले : रोकड खात्याच्या नांवें ५००, भांडवल खात्यास जमा ५००. २०० रुपयांचीं हत्यारें घेतलीं : हत्यारें खात्याच्या नांवें २००, रोकडीस जमा २००. एका गिऱ्हाइकाची १५ रुपयांची दुरुस्ती उधारीवर केली : गिऱ्हाइकाच्या नांवें १५, दुरुस्तीच्या उत्पन्नास जमा १५. पेटींत पैसा आला नाहीं, तरी कमाई व येणें हीं दोन्ही वहींत आलीं. दुरुस्तीसारख्या धंद्यांत विकावयास माल नसतो. केलेलें काम डोळ्यांपुढून निघून जातें, म्हणून तेथें ही नोंद अधिकच अगत्याची. आतां नांवेंची बेरीज ७१५ व जमेचीही ७१५. ह्या तेरजेंत एका पैचा फरक पडला तरी कोठें तरी चूक आहे हें निश्चित. (लुका नांवें डावीकडे लिहावयास सांगतो; आपल्या जुन्या वह्यांत जमा डावीकडे असे. परंतु त्यानें कांहीं बिघडत नाहीं.)

मात्र एक चूक तेरजेस सांपडत नाहीं. जो व्यवहार मुळींच लिहिला नाहीं तो दोन्ही बाजूंस नसतो आणि बेरजा सुखानें जुळतात.

सुम्मा ग्रंथामुळें लुकाची कीर्ति पसरली व मिलानच्या ड्यूकनें त्यास बोलावून घेतलें. तेथें लिओनार्दो दा विंची हा त्याचा मित्र व गणितांतील शिष्य झाला. लुकाच्या ‘दिव्य प्रमाण’ ह्या ग्रंथासाठीं लिओनार्दोनें घनाकृतींचीं अप्रतिम चित्रें काढून दिलीं. १४९९ सालीं फ्रेंचांनीं मिलान घेतलें, तेव्हां दोघांनींही तें नगर सोडलें. हा ग्रंथ १५०९ सालीं छापला गेला. त्याच्या शेवटच्या भागांत पांच सम घनाकृतींवरील पिएरोचें लॅटिन पुस्तक इटालियनमध्यें उतरलें आहे. परंतु तें पिएरोचें आहे, हें लुकानें तेथें सांगितलें नाहीं.

१५५० सालीं चित्रकारांचीं चरित्रें लिहिणाऱ्या वासारीनें लुकावर चोरीचा उघड आरोप केला. कित्येकांस तो अन्याय वाटला. पण पुढें पिएरोचें हस्तलिखित सांपडलें व मजकूर जुळला. सुम्मा ग्रंथांत लुकानें पिएरोची मोठी स्तुति केली आहे, हेंही खरें. परंतु त्या स्तुतीनें हें ऋण फिटतें असें आम्हांस वाटत नाहीं. देणाऱ्याचें नांव वहींत आलेंच पाहिजे, हें ज्यानें छत्तीस अध्यायांत शिकविलें, त्याच्या हातून नेमकी हीच नोंद राहावी ह्याचें वाईट वाटतें.

१५१७ सालीं लुकानें सान्सेपोल्क्रो येथें देह ठेवला. पिएरो त्याच नगरांत १४९२ सालीं निवर्तला होता. लुकाचें पुस्तक छापून आलें तेव्हां, आपलें नांव कां नाहीं, हें विचारावयास तो राहिला नव्हता.