पाठविणारे आणि पाठविलेला

वरिष्ठ सभागृहाचा सभासद नेमका कोणाचा प्रतिनिधी असतो? उमेदवारी देणाऱ्या पक्षाचा, निवडून देणाऱ्या विधिमंडळाचा, की ज्या जनतेने त्याला प्रत्यक्ष मत कधीच दिलेले नसते त्या जनतेचा? आपल्या राज्यसभेविषयी हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो आणि पक्षादेशाच्या धाकाने तो तितक्याच वेळा दडपला जातो. या प्रश्नाच्या सर्व बाजू ज्या एका आयुष्यात एकवटल्या, ते अमेरिकन सिनेटमधील मॅसाच्युसेट्सचे सभासद चार्ल्स सम्नर यांचे आयुष्य होय.

सम्नर यांचा जन्म १८११ साली बोस्टन येथे झाला. हार्वर्डमध्ये कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वकिली पत्करली. बोस्टनच्या शाळांत कृष्णवर्णीय मुलांना वेगळे बसविण्याविरुद्ध १८४९ साली त्यांनी न्यायालयात बाजू मांडली. तो दावा ते हरले. पण १८५५ साली मॅसाच्युसेट्सने ही वेगळेपणाची प्रथा कायद्यानेच मोडून काढली.

त्या काळी सिनेटचे सभासद राज्यांची विधिमंडळे निवडीत. ही पद्धत १९१३ च्या घटनादुरुस्तीपर्यंत चालू होती. १८५१ साली मॅसाच्युसेट्समध्ये गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणारा फ्री सॉइल पक्ष आणि डेमोक्रॅट पक्ष यांची सोयरीक जमली. राज्याचे गव्हर्नरपद डेमोक्रॅटांना आणि सिनेटची जागा फ्री सॉइलवाल्यांना, असा तो व्यवहार होता. तरीही मतदानाचे घोंगडे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत भिजत पडले आणि सव्विसाव्या फेरीत सम्नर अवघ्या एका मताने निवडून आले. पक्षांच्या देवाणघेवाणीतून आलेला हा सभासद व्यवहारी निघेल असा कोणाचा अंदाज असल्यास तो साफ चुकला.

१८५६ च्या मे महिन्यात कॅन्सासच्या प्रश्नावर त्यांनी गुलामगिरीच्या पुरस्कर्त्यांवर घणाघाती भाषण केले. दोनच दिवसांनी, २२ मे रोजी, दक्षिण कॅरोलायनाचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रूक्स यांनी सिनेटच्या दालनातच काठीने त्यांना बेशुद्ध होईपर्यंत मारले. प्रकृती सावरण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागला. परंतु मॅसाच्युसेट्सच्या विधिमंडळाने १८५७ साली याच अनुपस्थित सभासदाला जवळजवळ एकमताने पुन्हा निवडले. सिनेटमधील ती रिकामी खुर्चीच त्या राज्याची प्रतिनिधी ठरली.

यादवी युद्धाच्या काळात रिपब्लिकन पक्ष सत्तेवर आला आणि १८६१ पासून सम्नर परराष्ट्र समितीचे अध्यक्ष झाले. ते स्वभावाने नम्र नव्हते, आणि इतरांच्या मतभेदाविषयी सहिष्णु तर नव्हतेच. १८६८ साली अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोगात सात रिपब्लिकन सभासद पक्षापासून फुटले, तेव्हा सम्नर यांनी दोषी असे मत दिले आणि कायद्याच्या बारकाव्यांवर बोट ठेवणाऱ्यांची मुळीच गय केली नाही. दैवाचा खेळ असा, की दोनच वर्षांनी पक्षाविरुद्ध उभे राहण्याची पाळी त्यांच्यावरच आली.

अध्यक्ष ग्रँट यांना सांतो डोमिंगो अमेरिकेला जोडावयाचे होते. ग्रँट त्यांच्याच पक्षाचे, युद्धाचे विजयी सेनापती. तरीही सम्नर यांच्या समितीने या तहाविरुद्ध अभिप्राय दिला, आणि ३० जून १८७० रोजी २८ विरुद्ध २८ अशी मते पडून, आवश्यक दोन-तृतीयांश बहुमताअभावी, तह फेटाळला गेला. पुढील मार्चमध्ये पक्षाने त्यांचे समितीचे अध्यक्षपद काढून घेतले. अधिकारपद पक्षाचे होते, ते पक्षाने नेले. सभासदत्व मात्र सहा वर्षांचे होते, त्याला पक्ष हात लावू शकला नाही.

त्याहून कठीण प्रसंग पुढे आला. १८७२ च्या डिसेंबरात त्यांनी असे विधेयक आणले की, स्वकीयांविरुद्ध लढलेल्या लढायांची नावे सैन्याच्या निशाणांवर मिरवू नयेत. ज्या विधिमंडळाने त्यांच्या रिकाम्या खुर्चीचा गौरव केला होता, त्याच संस्थेने सैनिकांचा अवमान केल्याचा ठपका ठेवून त्यांचा निषेध केला. १८७३ साली पुण्याच्या जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचक सज्जनांना अर्पण केला, त्या वर्षी त्या कार्याच्या या अग्रणीवर स्वतःच्या राज्याचा हा कलंक कायम होता. १८७४ च्या फेब्रुवारीत विधिमंडळाने तो ठराव मागे घेतला. १० मार्च रोजी ही वार्ता सिनेटमध्ये वाचली गेली. ११ मार्च रोजी सम्नर निवर्तले. कृष्णवर्णीयांना गाड्या, खाणावळी व नाट्यगृहे खुली करणारे त्यांचे विधेयक, शाळांचे कलम वगळून, १८७५ साली मंजूर झाले. १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा गाभा रद्द ठरविला.

पाठविणाऱ्यांचे मत तेरा-चौदा महिन्यांत पालटले. पाठविलेल्याला सहा वर्षांची मुदत नसती, तर ते पालटण्यापूर्वीच त्याचा निकाल लागला असता. आपल्या घटनाकारांनीही राज्यसभेच्या सभासदास सहा वर्षे दिली आहेत. परंतु १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सभासदत्वच धोक्यात आणले. पैशासाठी वा मंत्रिपदासाठी होणारी फाटाफूट रोखावयास हवी, याविषयी दुमत नाही. आयाराम-गयारामांना सम्नर यांच्या पंक्तीस बसविण्याचे कारण नाही. परंतु पक्षादेशाचे जे मुख्य समर्थन, मंत्रिमंडळाचे स्थैर्य, ते राज्यसभेला लागूच पडत नाही. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. राज्यसभा ते पाडू शकत नाही. मग एखाद्या विधेयकावर प्रामाणिक मतभेद दर्शविणाऱ्याचे सभासदत्व तेथे कशासाठी जावे? पक्षाने त्याचे पद काढावे, पुढची उमेदवारी नाकारावी. तो पक्षाचा हक्क आहे. मुदत मात्र घटनेने दिलेली आहे, आणि ती सभासदाकडेच राहिली पाहिजे. अन्यथा वरिष्ठ सभागृहात केवळ मोजण्यापुरती डोकी उरतील, आणि त्यासाठी एवढे सभागृह चालविण्याचे प्रयोजन राहणार नाही.