राणीच्या हातातली बट

जुन्या घरांत आजीच्या गळ्यात कधी कधी राणीछाप रुपयांची माळ असे. त्या रुपयावरची व्हिक्टोरिया आपल्या ओळखीची. बँकेतल्या नोकरीत सोनेतारण कर्जासाठी आलेले दागिने मी बरेच पाहिले. सराफ खडे, लाख वजा करी आणि निव्वळ सोन्याचे वजन सांगे. व्हिक्टोरियाचे लाडके दागिने त्याच्यापुढे ठेवले असते, तर त्याने नेमका त्यांचा जीवच वजा केला असता. कारण तो जीव होता माणसाच्या केसांत.

१८१९ साली जन्मलेली ही मुलगी वर्षाची व्हायच्या आत पितृछत्राला मुकली आणि अठराव्या वर्षी, १८३७ मध्ये, राणी झाली. १८४० मध्ये तिने आल्बर्टशी, आपल्या सख्ख्या मामेभावाशी, लग्न केले. त्याच वर्षी पहिली मुलगी झाली आणि आल्बर्टने तिला एक सोन्याचे कंकण दिले. त्याला मिन्याचे इवलेसे हृदय लटकवलेले होते आणि आत होती बाळाची बट. पुढे प्रत्येक अपत्यागणिक एकेक हृदय वाढत गेले. १८५७ पर्यंत ती नऊ झाली, प्रत्येकाचा रंग निराळा. आपण बाळाचे जावळ काढून नदीत सोडतो. या आईने ते मनगटावर सांभाळले.

हे केसकाम मोठे चिकाटीचे. केस सोड्याच्या पाण्यात उकळून स्वच्छ करायचे, लांबीप्रमाणे निवडायचे, मोजून जुड्या बांधायच्या. मधोमध भोक असलेल्या गोल मेजाभोवती त्या पसरून टोकांना शिशाची वजने बांधायची आणि साच्याच्या काडीवर गोफ विणायचा. मग तो उकळायचा, वाळवायचा आणि अलगद काडी काढून घ्यायची. उरे ती केसांची पोकळ दोरी. सोनार तिला सोन्याची टोके बसवी. पण कारागीर आपल्याच माणसाचे केस वापरील याची खात्री काय? या धास्तीने कित्येक बायका घरीच ही कला शिकल्या. त्यासाठी पुस्तकेही निघाली.

१८६१ हे वर्ष राणीला काळ ठरले. मार्चमध्ये आई गेली आणि १४ डिसेंबरला अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी आल्बर्ट. त्यानंतरची चाळीस वर्षे राणीने काळे कपडे उतरवले नाहीत. आल्बर्टचे केस लॉकेटांत बंद होऊन तिच्या अंगावर आले. केसांच्या दागिन्यांची हौस देशात आधीच होती. राणीच्या शोकाने तिला प्रतिष्ठा दिली. केस कुजत नाहीत, रंगही टिकवून धरतात. फोटो अजून घरोघर पोचायचे होते, तेव्हा गेलेल्या माणसाचे हाताला लागेल असे एवढेच मागे उरे.

मन एका गोष्टीशी अडखळते. विधवा राणी नवऱ्याचे केस गळ्यात मिरवीत होती, तेव्हा तिच्याच राज्यात, आपल्या महाराष्ट्रात, विधवांचे केस न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली जात होते. १८९० च्या सुमारास सत्यशोधकांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी त्या कामाला नकार दिला. विधवेचे दुःख दोन्हीकडे होते. एकीला ते मिरवायची मुभा होती, दुसरीला आपले केसही राखता येत नव्हते.

आल्बर्टनंतर राणीला आधार दिला तो जॉन ब्राऊन या स्कॉटिश नोकराने. दरबाराला आणि मुलांना ती जवळीक खुपत असे. १८८३ मध्ये तोही गेला.

२२ जानेवारी १९०१ रोजी ऑसबर्न येथे राणीने डोळे मिटले. आपल्या शवपेटीत काय ठेवायचे, याच्या सूचना तिने आधीच देऊन ठेवल्या होत्या. काळा वेश उतरला होता. अंगावर पांढरी वस्त्रे आणि लग्नातली ओढणी. सोबत आल्बर्टचा झगा आणि त्याच्या हाताचा साचा. मग कुटुंबीय बाहेर असताना तिचे डॉक्टर जेम्स रीड यांनी तिच्या डाव्या हातात कागदात गुंडाळलेली एक वस्तू ठेवली आणि वर फुले ठेवून ती झाकली. तो होता ब्राऊनचा फोटो आणि त्याच्या केसांची बट.

ज्या राणीची छबी कोट्यवधी रुपयांवर फिरली, तिने जाताना मुठीत नेली ती एवढी एक बट. तारणाच्या तराजूत तिचे वजन शून्य भरले असते.