डॉ. आनंदीबाई जोशी : पोचवायला येणारे आणि न्यायला येणारे



आज चरित्र निबंधासाठी घेतलेलं नाव तुम्हाला नवीन नाही. डॉ. आनंदीबाई जोशी. भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टर म्हणून सामान्यज्ञानाच्या प्रश्नात दरवर्षी येणारं नाव. (त्याच वर्षी, १८८६ मध्ये, कलकत्त्याला कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या. तेव्हा मुलांना दोन्ही नावं सांगावीत, नुसतं पहिल्या कोण यावर अडून राहू नये, असं माझं मत.) पण आज मी हे चरित्र थोडं वेगळ्या बाजूने सांगणार आहे. त्याला कारण आमच्या गावचं आहे.

आमच्या अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे. परीक्षा संपली की बाहेरगावची मुलं-मुली बॅगा घेऊन रस्त्याला उभी दिसतात. तीन-चार वर्षं एका खोलीत राहिलेली, एका डब्यात जेवलेली. मंचरला जाऊन एसटी पकडायची असते, पण रिक्षा आली तरी आधी कोण बसणार यावरून घोळ चालतो, कारण कोणालाच बसायचं नसतं. आणि याच्या उलट चित्र भैरवनाथाच्या यात्रेला. पुण्या-मुंबईचे पावणे येतात, दारात उभं करून भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो, पायावर पाणी घातलं जातं, मग आत घेतात.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीची थोरली बहीण शिकायला जर्मनीला गेली आहे. पाठ चालू असताना तिने मला विचारलं की ताई तिकडून परत येताना तिकडच्या मैत्रिणींसाठी रडेल का, आणि रडली तर आपण आनंदाने न्यायला गेलेल्यांनी काय करायचं? मला पटकन उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर आनंदीबाईंचं चरित्र पुन्हा उघडलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना, घर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न झालं ते गोपाळराव जोशी या पोस्टातल्या कारकुनाशी. ते बिजवर, वयाने जवळपास वीस वर्षांनी मोठे. बायकोने शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. हा हट्ट आपण पुस्तकात कौतुकाने वाचतो. पण त्यासाठी त्या लहान मुलीने मारही खाल्ला आहे, लाकडाचा सुद्धा. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी तो मार आठवणीत ठेवल्याचं स्पष्ट लिहिलं. वर्गात हा भाग मी टाळत नाही, फक्त लांबवत नाही. गोपाळराव चांगले की वाईट, असं मुलं विचारतातच. दोन्ही, एवढंच सांगते.

नोकरीमुळे बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, भूज, मग बंगाल. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाईने बाईला तपासावं अशी सोयच तेव्हा आपल्याकडे नव्हती. डॉक्टर व्हायचं मनाने घेतलं ते इथून.

गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मिळावी म्हणून अमेरिकेच्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. त्याने आधी धर्म बदला असं सुचवलं, पण पत्र आपल्या मासिकात छापलं. आता गंमत बघा. न्यू जर्सी राज्यात रोझेल नावाचं गाव आहे. तिथल्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाई १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. हाताला लागलं ते जुनं मासिक चाळताना त्यांना ते पत्र दिसलं. ना ओळख ना पाळख, पण त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. उत्तर आलं, मग पत्रामागून पत्रं सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. आपल्याकडे नातं लावल्याशिवाय माणूस जवळचं होत नाही, आणि एकदा मावशी म्हटलं की परकंही राहत नाही.

ठरलं तर खरं, पण रजा आणि पैसा दोन्हींची अडचण होती, त्यामुळे गोपाळरावांना बरोबर जाता येईना. अठरा वर्षांची मुलगी एकटी समुद्र ओलांडणार म्हटल्यावर लोक खवळले. तेव्हा आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात भाषण केलं. (हे श्रीरामपूर बंगालमधलं बरं का, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं नाही. मुलं इथे हमखास चुकतात.) आपण का जातो, एकट्या का जातो, हे त्यांनी मुद्देसूद सांगितलं, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येईन असा शब्द दिला. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून जहाज सुटलं. सोबतीला मिशनरी बायका होत्या, पण घरचं कोणी नाही. शाकाहारी असल्यामुळे जेवणाचे हाल. ४ जूनला न्यूयॉर्क आलं. मुलांना मी इथे हिशोब करायला लावते: एप्रिलचे किती, मेचे किती, जूनचे किती. जवळपास दोन महिने भरतात. धक्क्यावर न्यायला कोण आलं होतं? कार्पेंटर मावशी. दोघींनी एकमेकींना प्रत्यक्ष तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

तो उन्हाळा रोझेलच्या घरात गेला. आनंदीबाई त्या घरात मिसळून गेल्या, घरातल्या माणसांना आपला स्वयंपाक, आपले कपडे, आपले खेळ दाखवले. मग शाळेला सोडायला जावं तशा मावशी त्यांना फिलाडेल्फियाला घेऊन गेल्या. तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये प्रवेश झाला. १८५० साली खास स्त्रियांसाठी सुरू झालेलं हे वैद्यकीय महाविद्यालय. प्रमुख होत्या रेचल बॉडली. त्यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली.

अभ्यासाचं काय सांगू, तो त्यांनी केलाच. त्रास झाला तो थंडीचा. मिळालेल्या खोलीतली शेगोटी नीट पेटायची नाही. पेटली तर धूर, विझली तर गारठा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. साडी मात्र सोडली नाही. मांस खाल्लं नाही. मधे घटसर्पासारखा आजार झाला, त्यातून उठल्या, पण प्रकृती पहिल्यासारखी झाली नाही. सुट्टी लागली की रोझेलला मावशीकडे. आपली मुलं सुट्टीत मामाच्या गावाला जातात ना, तसंच.

आता त्या प्रसिद्ध फोटोविषयी. १० ऑक्टोबर १८८५ चा आहे. तीन मुली ओळीत. एक साडीतल्या आनंदीबाई, दुसऱ्या जपानच्या केई ओकामी किमोनोमध्ये, तिसऱ्या दमास्कसच्या सबात इस्लामबूली आपल्याकडच्या पोशाखात. तिघी तीन देशांच्या, तिघींची भाषा वेगळी, तिघी वैद्यकी शिकायला आलेल्या. आनंदीबाई सगळ्यांत पुढच्या वर्षात होत्या. ओकामी १८८९ मध्ये डॉक्टर झाल्या, इस्लामबूली १८९० मध्ये. म्हणजे फोटो काढला तेव्हाच ठरलेलं होतं की आनंदीबाई आधी निघणार आणि बाकीच्या दोघी मागे राहणार. वर्गात हा फोटो दाखवा आणि पाच मिनिटं काही बोलू नका. मुलं स्वतःहून कपडे, दागिने, चेहरे यावर बोलायला लागतात.

पोचवणाऱ्यांचं झालं, आता घरून येणाऱ्यांचं. १८८५ मध्ये गोपाळराव स्वतः अमेरिकेला पोचले. ब्रह्मदेश, चीन, जपान असं पूर्वेकडून फिरत, वाटेत मुक्काम करत आले. दोन वर्षांनी नवरा-बायकोची भेट. आपल्याला वाटतं, सगळं गोडच झालं असणार. तसं झालं नाही. ज्या लोकांनी त्यांच्या बायकोला घरच्यासारखं ठेवलं होतं, त्यांच्याच देशाच्या चालीरीतींवर गोपाळराव जाहीर व्याख्यानांतून टीका करत फिरू लागले. काही मुद्दे त्यांचे बरोबरही असतील. पण आनंदीबाईंच्या मैत्रिणी आणि आश्रयदाते दुखावले, आणि मधे अडकल्या त्या आनंदीबाई. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्या पालकांनी हा भाग जरा सावकाश वाचावा. आपण पाहुणे म्हणून जातो तेव्हा मुलांनी तिथे जमवलेली माणसं आपल्याला नवी असतात, पण त्यांना ती अडीअडचणीला उपयोगी पडलेली असतात.

दुसऱ्या पाहुण्या मात्र आल्या आणि घर भरलं. पंडिता रमाबाई! त्या आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. तेव्हा त्या इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवत होत्या. पदवीदान समारंभाला या, असं बॉडलीबाईंनी बोलावलं आणि रमाबाई पाच वर्षांच्या आतल्या मनोरमाला घेऊन अटलांटिक समुद्र ओलांडून मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आल्या. रमाबाईंनी १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आनंदीबाईंनी तर हिंदू राहीन असा शब्द दिलेला आणि तो पाळलेला. त्या काळात एवढ्यावरून सख्खी नाती तुटत होती. पण धर्म वेगळा झाला म्हणून रमाबाई यायच्या राहिल्या नाहीत.

११ मार्च १८८६. आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली. त्यांचा प्रबंध हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्रावर होता. समोर नवरा होता, नात्यातली बाई होती, मराठी बोलणारं एक लहान मूल होतं. अमेरिकेच्या एका सभागृहात एवढी आपली माणसं तेव्हा जमली होती हेच मला विशेष वाटतं. इंग्लंडच्या राणीकडूनही अभिनंदन आलं, पण माझ्या मुलांना राणीपेक्षा मनोरमाबद्दलच जास्त विचारायचं होतं. ती समारंभात झोपली का, हा प्रश्न आला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पदवीनंतर आनंदीबाई अनुभवासाठी बोस्टनच्या स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या, पण तब्येत साथ देईना. क्षयाने धरलं होतं. इकडे कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री विभागाचं प्रमुखपद त्यांना देऊ केलं होतं. म्हणजे ज्यासाठी गेल्या ते काम वाट बघत होतं. निघायचं ठरलं.

९ ऑक्टोबर १८८६ ला न्यूयॉर्कहून जहाज निघालं. तीन वर्षांपूर्वी धक्क्यावर एक अनोळखी मुलगी उतरली होती; आता जाणारी मावशीची भाची होती, हातात पदवी होती आणि अंगात ताप-खोकला. आपल्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. माझ्या वर्गात एका मुलाने विचारलं की इंग्रजीत येते कसं म्हटलं असेल? मला हे आवडलं, म्हणून इथे लिहिलं.

नोव्हेंबरमध्ये मुंबई आली. समुद्र ओलांडलेल्या बाईला वाळीत टाकतील ही भीती होती. झालं उलटंच. लोकांनी स्वागत केलं, वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, पुण्याच्या घरी बघायला माणसांची रीघ लागली. माहेरची माणसं भेटली. पण ज्यांचं स्वागत चाललं होतं त्यांना उठून बसायचीही ताकद राहिली नव्हती. वैद्यांचे उपचार झाले, गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षं पूर्ण व्हायला महिना बाकी होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांनी एकही रुग्ण तपासला नाही.

अमेरिकेत राहिलेल्या माणसांनी त्यांना सोडलं नाही. रमाबाईंचं हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघालं, त्याला बॉडलीबाईंनी प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात आनंदीबाईंविषयी मनापासून लिहिलं. पुढच्याच वर्षी कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेने त्यांचं चरित्र प्रसिद्ध केलं. आपल्याकडे काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र लिहिलं. एका बाईचं चरित्र दुसऱ्या बाईने मराठीत लिहिणं, हेही त्या काळात नवीनच.

आणि गोपाळरावांनी एक गोष्ट केली, जिच्यासाठी त्यांचं बाकीचं मी थोडं माफ करते. त्यांनी आनंदीबाईंची रक्षा कार्पेंटर मावशीकडे पाठवून दिली. मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी या गावी, आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. तिथे दगड आहे. त्यावर नाव आहे, डॉक्टरची पदवी आहे, १८६५ आणि १८८७ ही वर्षं आहेत, आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली ही पहिली ब्राह्मण स्त्री असं कोरलेलं आहे.

शिक्षक मित्रांनो, रक्षेचा हा भाग मी चौथीला सांगते, तिसरीला सांगत नाही. नकाशा मात्र दोन्ही वर्गांना काढायला देते: कल्याण, कलकत्ता, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बोस्टन, मुंबई, पुणे. जर्मनीवालीच्या बहिणीने आपल्या नकाशात पोकिप्सीही दाखवलं आणि त्याच्याशेजारी जर्मनी काढलं. जागा चुकली होती, मी दुरुस्त केली नाही. तिची ताई यात्रेला येणार आहे म्हणे, आणि तिकडची एक मैत्रीण बरोबर घेऊन येणार आहे. भाकरतुकडा दोघींवरून ओवाळायचा का, असं घरी विचारून ये म्हणून मी तिला सांगितलं आहे.