जोगेंद्रनाथ मंडल : एका मतदारसंघाने उघडलेले संविधान सभेचे दार

बाबासाहेब संविधान सभेत पहिल्यांदा बंगालमधून निवडून गेले, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते. त्यामागे उभे असलेले जोगेंद्रनाथ मंडल मात्र आपल्या भाषणांत एका वाक्यापुरतेच येतात. या माणसाचे आयुष्य निवडणुकांच्या अंगाने वाचले पाहिजे, कारण एका मतदारसंघाची ताकद किती आणि तो मोडला की काय होते, हे दोन्ही त्यात दिसते.

जोगेंद्रनाथांचा जन्म 29 जानेवारी 1904 रोजी पूर्व बंगालच्या बाकरगंज जिल्ह्यात, मैस्तारकांदी या गावी, नमशूद्र समाजातील शेतकरी कुटुंबात झाला. नद्या-नाल्यांचा, भातशेतीचा हा मुलूख. जिल्ह्याचे मुख्य ठाणे बारिसाल. नमशूद्रांना अस्पृश्य मानले जाई, पण या भागात त्यांची वस्ती मोठी होती आणि शिक्षणाची चळवळही जुनी होती. जोगेंद्रनाथ बारिसालच्या ब्रजमोहन कॉलेजात शिकले, पुढे कलकत्त्याला कायद्याची पदवी घेतली आणि वकिली करू लागले.

1935 च्या कायद्यानुसार 1937 मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या. बंगाल विधानसभेत 250 जागा होत्या. पुणे करारानुसार त्यांपैकी 30 जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. जोगेंद्रनाथांनी मात्र राखीव जागा निवडली नाही. बाकरगंज ईशान्य या सर्वसाधारण ग्रामीण मतदारसंघातून ते अपक्ष उभे राहिले. समोर होते जिल्हा काँग्रेसचे अध्यक्ष सरल कुमार दत्त. ते अश्विनी कुमार दत्त यांचे पुतणे. ज्या ब्रजमोहन कॉलेजात जोगेंद्रनाथ शिकले, ते याच अश्विनी कुमारांनी काढलेले. बारिसालमध्ये या घराण्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. मताचा हक्कही तेव्हा सर्वांना नव्हता. कर, मालमत्ता किंवा शिक्षण यांची अट होती, त्यामुळे गरिबांतले फार थोडे मतदार यादीत येत. तरीही तेहतीस वर्षांचा हा नमशूद्र वकील जिंकला.

विधानसभेत ते आधी बोस बंधूंच्या जवळ होते. सुभाषबाबू काँग्रेसबाहेर फेकले गेल्यावर त्यांचा त्या पक्षावरचा विश्वास उडाला. 1942 मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी जोगेंद्रनाथांनी त्याची बंगाल शाखा उभी केली. त्याच वर्षी ते नाझिमुद्दीन मंत्रिमंडळात मंत्री झाले.

1946 च्या निवडणुकीत फेडरेशनचा देशभर दारुण पराभव झाला. राखीव जागांवरही अंतिम मतदान संयुक्त असल्याने सवर्ण मतांच्या जोरावर काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. मुंबई प्रांतात फेडरेशनला एकही जागा मिळाली नाही. बंगालमध्ये एकटे जोगेंद्रनाथ निवडून आले, तेही आपल्या बाकरगंज जिल्ह्यातूनच.

या एका जागेला किती किंमत होती, ते जुलै 1946 मध्ये कळले. संविधान सभेचे सदस्य जनतेने थेट निवडायचे नव्हते, प्रांतिक विधानसभांचे आमदार त्यांना निवडणार होते. मुंबईत बाबासाहेबांना मत देणारा स्वतःचा आमदार नव्हता. बंगालमध्ये एक होता. पसंतीक्रमाच्या पद्धतीमुळे थोड्या आमदारांची पहिली पसंती मिळाली तरी जागा जिंकता येत होती. जोगेंद्रनाथांनी इतर पक्षांतील आणि अपक्ष अनुसूचित जातीच्या आमदारांना गाठले, त्यांना पक्षाच्या दबावापुढे उभे केले आणि बाबासाहेब निवडून आले. बाबासाहेब जेसोर-खुलना मतदारसंघातून निवडून आले, असे अनेकदा लिहिले जाते. तसा मतदारसंघ संविधान सभेसाठी नव्हताच. त्यांना निवडले ते बंगाल विधानसभेच्या आमदारांनी.

फाळणीने ते सदस्यत्व संपले. जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर बाबासाहेब जुलै 1947 मध्ये मुंबई प्रांतातून पुन्हा संविधान सभेत गेले. जोगेंद्रनाथांनी वेगळी वाट धरली. बंगालमधला नमशूद्र शेतकरी आणि मुस्लिम शेतकरी यांचे दुखणे एकच आहे, असे त्यांचे मत होते. त्या विश्वासावर ते ऑक्टोबर 1946 मध्ये मुस्लिम लीगतर्फे अंतरिम सरकारात गेले होते. 10 ऑगस्ट 1947 रोजी कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली. ते पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले. भारताचे पहिले कायदेमंत्री बाबासाहेब. दोन्ही देशांचे पहिले कायदेमंत्री एकाच फेडरेशनचे नेते होते.

तो विश्वास टिकला नाही. 1950 च्या सुरुवातीला पूर्व बंगालमध्ये दंगली झाल्या आणि बारिसालही पेटले. आपल्याच मतदारांचे रक्षण मंत्री असूनही करता येत नाही, हे पाहून त्यांनी ऑक्टोबर 1950 मध्ये राजीनामा दिला आणि ते कलकत्त्याला आले. नंतरची वर्षे त्यांनी निर्वासित नमशूद्रांच्या पुनर्वसनासाठी झगडण्यात घालवली. निवडणुकाही लढवल्या, पण यश आले नाही. ज्यांनी त्यांना दोनदा निवडून दिले होते, त्यांतले कित्येक आता छावण्यांत विखुरले होते, आणि काही सीमेपलीकडेच राहिले होते. 5 ऑक्टोबर 1968 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या लीगबरोबरच्या युतीवर टीका होते, आणि ती व्हायलाही हवी. पण त्या युतीमुळे 1946 चे काम पुसले जात नाही. तरुण कार्यकर्त्यांनी त्यातून एक गोष्ट घ्यावी. आपण विधानसभेची एखादी जागा एकटी म्हणून सोडून देतो, मतदार नोंदणी शेवटच्या आठवड्यावर ढकलतो, कामासाठी गाव सोडून शहरात आलेल्यांची नावे कोणत्याच यादीत नसतात, याची चौकशीही करत नाही. बारिसालच्या मतदारांनी 1946 मध्ये मतपेटीत मत टाकले, तेव्हा त्याचा परिणाम संविधान सभेपर्यंत पोहोचेल हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी आपली जागा मात्र राखली. जयंती-महोत्सवाइतकीच तयारी आपण आपल्या वस्तीतल्या मतदार यादीची केली, तर जोगेंद्रनाथांचे ऋण थोडे तरी फिटेल.