फुलपाखरांचे अभ्यासक 'ईहा'

फुलपाखरू दिसताच त्याच्यामागे धावावे ही हौस लहानपणी बहुतेकांस असते. परंतु ते कोणत्या पानावर जन्मले, सुरवंट असताना त्याने काय खाल्ले, हे शोधण्याचा धीर थोड्यांच्याच अंगी असतो. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांच्या अंगी तो धीर होता. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून बनलेले 'ईहा' हे त्यांचे टोपणनाव. संस्कृतात ईहा म्हणजे इच्छा आणि उद्योग. योगायोगाने हे नाव त्यांस अगदी शोभून दिसले.

एटकेन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी सातारा येथे झाला. त्यांचे वडील रेव्हरंड जेम्स एटकेन हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होते. त्यांनीच मुलास घरी प्रथम विद्या दिली. पुढील शिक्षण मुंबई व पुणे येथे झाले. १८७० पासून १८७६ पर्यंत एटकेन यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकविले आणि नंतर ते मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात शिरले. खारघोडा, उरण, रत्नागिरी, कारवार अशा ठिकाणी त्यांच्या बदल्या होत गेल्या. मिठाचा हिशेब ठेवणे आणि चोरटा व्यापार रोखणे हे काम रुक्ष खरे. पण फावल्या वेळी अंगणातील मुंग्या, बेडूक व पाखरे हीच त्यांची पाठशाळा झाली. त्या निरीक्षणांतून १८८३ साली त्यांचे पहिले विनोदी पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरला मुंबईत आठ गृहस्थांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. एटकेन त्यांपैकी एक होते. डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय वैद्यही त्या आठांत होते.

एटकेन यांचे सर्वांत मोलाचे काम उत्तर कानडा जिल्ह्यात घडले. हा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. आज तो कर्नाटकात आहे. तेथील सह्याद्रीच्या रानात उन्हाळ्याच्या अखेरीस झाडांच्या फांद्यांवर आमरीचे तुरे लोंबतात आणि फुलपाखरांस तर गणतीच नाही. त्या काळचे पुष्कळ संग्राहक फुलपाखरे धरून टाचणीने पेटीत टोचून ठेवीत. एटकेन आणि त्यांचे स्नेही डेव्हिडसन व बेल यांनी निराळी वाट धरली. मादी कोणत्या झाडावर अंडी घालते हे पाहावे, सुरवंट घरी आणून त्यास त्याचाच पाला घालावा आणि कोशातून काय बाहेर येते याची वाट पाहावी, असा त्यांचा क्रम होता. ह्या रीतीचा लाभ मोठा आहे. लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढणाऱ्या एका काळ्या फुलपाखराच्या काही माद्या नराहून इतक्या भिन्न दिसतात की, त्या परक्या जातीच्या वाटाव्यात. मेलेले फुलपाखरू पाहून हे कोडे सुटत नाही. एकाच मादीची पिले वाढविली की सुटते. त्या तिघांची ही लेखमाला १८९६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

असल्या व्यासंगाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचा डासांशी असलेला संबंध दाखवून दिला. डासाचेही अंडे, अळी व कोश असतात. अळीची जागा सापडली तर डासास जन्मापूर्वीच अडविता येते. १९०२ साली गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर हिवतापाची चौकशी करण्यासाठी सरकारने एटकेन यांस पाठविले. तेथे त्यांस डासाची एक नवी जात आढळली व तिला त्यांचेच नाव देण्यात आले. सुरवंट पाहण्यात मुरलेली नजर अशी माणसांच्या कामी आली.

त्यांच्या सर्वच लेखनास मान डोलवावी असे नाही. घरच्या नोकरचाकरांची त्यांनी काढलेली शब्दचित्रे मार्मिक असली, तरी त्यांत साहेबी तोरा डोकावतो. मुक्या जिवांस त्यांनी जितके समजून घेतले तितके त्या माणसांस घेतले नाही.

१९०६ साली ते निवृत्त झाले आणि ११ एप्रिल १९०९ रोजी एडिंबरो येथे निधन पावले.

विद्यार्थिमित्रहो, त्यांच्या मार्गाने जाण्यास कारवारचे रान हवेच असे नाही. नाशकातील परसात एखादे लिंबाचे किंवा कढीलिंबाचे झाड असते. त्याच्या कोवळ्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला, तर तो झटकून टाकू नका. तो लहान सुरवंट असू शकेल. रोज त्याच्याकडे पाहा व जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहून ठेवा.